कणकेपासून कर्ण्यापर्यंत : खर्जाच्या शोधाची कथा

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मंडळाचे संस्थापक, नाटके आणि व्याख्याने यांची नोंद व्हावी हे उचितच होय. परंतु ज्या यंत्रांनी आमची आरती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविली, त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. त्यातील एक प्रकरण, खर्जाचे, येथे सांगण्याचा आमचा मानस आहे.

त्यास निमित्त झाले एका वृद्ध सभासदाचे उद्गार. गणेशोत्सवातील भजनात पखवाजाची साथ करून ते उठले आणि म्हणाले, "तुमच्या यंत्रातून माझा उजवा हात तेवढा ऐकू येतो. डावा कुठे गेला?"

पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजविलेली कणीक थापताना आपण सर्वांनीच पाहिले आहे. चेन्नईतील कचेरीत मृदंगवादक डाव्या बाजूस रव्याचा लेप लावतो, तो पाहून परमुलुखात घरचे माणूस भेटल्याचा आनंद होतो. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. तेथे आलेली मराठी कीर्तनाची रीत तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१-१९०३) यांनी तमिळ हरिकथेत आपलीशी केली. साकी, दिंडी, ओवी यांनाही तेथे स्थान मिळाले. कणीक आणि रवा यांत कोणी कोणाचे घेतले, या वादात आम्ही पडत नाही. तत्त्व एकच : पुडी जड झाली की तिचे कंप मंदावतात आणि स्वर उतरतो. शाईच्या भारामुळे पुडीचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी कसे होतात, हे येथील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० साली 'नेचर' नियतकालिकात मांडले होते.

आता यंत्राकडे वळू. तारेचे वेटोळे, लोहचुंबक आणि कागदी शंकू अशा ज्या रचनेचा ध्वनिवर्धक आज घरोघरी आहे, तिला राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ मध्ये निश्चित रूप दिले. आपल्या देशात १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये 'शिकागो रेडिओ'चे नानिक मोटवाने यांनी ध्वनिवर्धकांची व्यवस्था केली. त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' आणि ३१ ऑक्टोबरला मद्रासच्या किनेमा सेंट्रलमध्ये पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' झळकला.

सभामंडपातील कर्ण्याचे काम मात्र एकच होते : वक्त्याचा शब्द दूरवर पोहोचविणे. सेकंदाला सुमारे तीनशे कंपनांच्या वरचा भाग आला की बोलणे समजते. खर्ज त्यास लागत नाही. शिवाय ४० कंपनांच्या नादलहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. ती नीट बाहेर टाकायची तर कर्ण्याचे तोंड खोलीएवढे हवे. पखवाजाचा डावा हात हरवला तो येथे. चित्रपटगृहांतही १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी भूकंपाचा हादरा जाणवावा म्हणून खर्जाच्या प्रचंड पेट्या मुद्दाम बसवाव्या लागल्या होत्या.

नवी खर्जपेटी, म्हणजे सबवूफर, घेण्याइतका निधी तेव्हा आमच्यापाशी नव्हता. कार्यक्रमांतून निवृत्त झालेल्या, पंधरा इंची शंकूच्या दोन पेट्या अडगळीत होत्या. तरुण मंडळींनी त्याच कामी लावण्याचे ठरविले. पहिल्या प्रयत्नात खर्जाची कळ पूर्ण फिरविली आणि ऐन आरतीत एक वेटोळे जळाले. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या उतावीळपणाचा होता. तोच नाद तेवढ्याच मोठ्याने एक सप्तक खाली काढायचा तर शंकूस चौपट हालचाल करावी लागते. हे शंकू तर हलके, ताठ आणि थोड्या हालचालीत मोठा आवाज देण्यासाठी घडविलेले.

मग वजनाचा विचार निघाला. शंकूस भार लावला की त्याचा नैसर्गिक स्वर उतरतो, कणकेचाच न्याय. पण स्वर एक सप्तक उतरविण्यास हलणारे वजन चौपट करावे लागते आणि त्याच विजेत मिळणारी ध्वनिशक्ती सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून भार बेताचा ठेवून उरलेले काम पेटीकडे सोपविले. मोजमाप करून पेटी मोठी केली, सांधे हवाबंद केले आणि योग्य लांबीची पोकळ नळी बसविली. या रचनेचे पेटंट बेल प्रयोगशाळेच्या थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले होते, तर तिचे गणित ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये मांडले. घटम्‌वादक घटाचे तोंड पोटाशी दाबून किंवा दूर करून नाद पालटतो, त्यातही कोंडलेल्या हवेचेच कार्य असते. शंभराच्या वरची कंपने वगळणारी आणि नळीच्या आवाक्याखालची अडविणारी अशा दोन गाळण्यांचे भाग रिची स्ट्रीटवरून आणले. पेट्या भिंतीलगत जमिनीवर ठेवताच खर्ज आणखी भरीव झाला.

पुढील भजनास पखवाज दुसऱ्याच्या हाती देऊन त्या वृद्ध सभासदांना आम्ही शेवटच्या रांगेत बसविले. डोळे मिटून त्यांनी एक अभंग ऐकला आणि हळूच म्हणाले, "आला. पण थोडी कणीक काढा."

आम्ही कळ खाली आणली. हा सल्ला त्या सायंकाळपुरता नव्हता. खर्ज भिंती ओलांडतो, आणि भिंतीपलीकडे आमचे तमिळ शेजारी राहतात. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागी ध्वनिवर्धक सामान्यतः वर्ज्य ठरविले. उत्सवाच्या मिरवणुकांतून आज उभ्या राहणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती पाहिल्या की खेद वाटतो तो यासाठी, की पूर्वजांनी कणकेचा एवढासा गोळा लावला तो पखवाज गाजविण्यासाठी नव्हे, सुरात आणण्यासाठी. पुढील पिढीच्या हाती नवी यंत्रे येतीलच. त्यांबरोबर कणीक किती लावावी आणि केव्हा काढावी, ही समजही जावी एवढीच आमची इच्छा.