अमेरिकेंतील विद्येचें कर्ज

१९६५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या आठव्या तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सस संस्थानांतील सॅन मार्कोस या गांवीं आले. तेथील शिक्षकांच्या कॉलेजांत ते स्वतः शिकले होते. जवळ पुरेसे पैसे नसल्यामुळें त्यांनीं त्या कॉलेजांत झाडलोटीचें काम केलें होतें आणि मध्येंच शिक्षण थांबवून कोटुला येथें मेक्सिकन मजुरांच्या मुलांस शिकविण्याची नोकरीहि पत्करली होती. त्याच कॉलेजांत बसून त्यांनीं उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. विद्यार्थ्यानें बँकेकडून कर्ज काढावें आणि त्या कर्जास सरकारनें जामीन राहावें, ही त्या कायद्यांतील एक मुख्य तरतूद होती.

त्यापूर्वींहि सरकारी पैशांतून कर्ज मिळत असे. १९५७ सालीं रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला, अमेरिका दचकली, आणि पुढच्याच वर्षीं आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दींत शेंकडा ३ व्याजानें विद्यार्थ्यांस कर्ज देण्याचा कायदा झाला. शाळेंत शिक्षकाची नोकरी करणाऱ्याचें निम्म्यापर्यंत कर्ज माफ होई. विद्येचें ऋण सेवेनें फेडण्याची ही कल्पना मराठी माणसास अनोळखी नाहीं. बडोदें संस्थानानें १९१३ सालीं भीमराव आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें, तेव्हां दहा वर्षें संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. अमेरिकेच्या कायद्यांत मात्र आणखी एक कलम होतें. सरकार उलथून पाडण्याच्या मतावर आपला विश्वास नाहीं, असें प्रतिज्ञापत्र कर्जदारानें द्यावयाचें! हार्वर्ड व येल या विद्यापीठांनीं १९५९ सालीं याच्या निषेधार्थ योजनेंतून अंग काढून घेतलें, आणि १९६२ सालीं तें कलम गेलें. राजकारण या कर्जास जन्मापासूनच चिकटलेलें आहे, तें असें.

पुढें कर्जाचा व्याप वाढला तसतसा ऋणकोचा पाश आवळत गेला. व्यापाऱ्यानें दिवाळें काढलें तर त्याचें देणें सुटतें. पण पदवी हातीं पडतांच तरुण मंडळी नादारी पत्करतील, अशी भीति कायदे करणारांस वाटली; आणि असे लोक शेंकडा एकहि नाहींत असें सरकारी तपासनिसांस आढळून आलें, तरी ती भीति गेली नाहीं. १९७६ सालीं पहिलीं पांच वर्षें या कर्जास नादारीची वाट बंद झाली. १९९० सालीं पांचाचीं सात वर्षें झालीं. १९९८ सालीं मुदतच उडाली. अत्यंत हलाखी कोर्टांत सिद्ध केल्यावांचून हें कर्ज जन्मभर सुटेनासें झालें.

ऋणकोची बाजू अशी दगडावरची रेघ झाली. धनको जें सरकार, त्याच्या शब्दाचें काय झालें? २००७ सालीं असा कायदा झाला कीं, शाळा, इस्पितळें, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणीं लोकसेवा करून जो १२० हप्ते भरील, त्याचें उरलेलें कर्ज माफ व्हावें. दहा वर्षें लोक हप्ते भरीत राहिले. २०१८ सालच्या पहिल्या हिशेबांत सुमारे २८ हजार अर्जांपैकीं मंजूर झाले अवघे ९६! कर्जाचा प्रकार चुकला, हप्त्यांची पद्धति चुकली, कागद अपुरा पडला, अशीं कारणें निघालीं. आणि तीं दहा वर्षांनंतर कळलीं.

२०२० सालीं महामारींत सर्वांचेच हप्ते थांबविण्यांत आले. २०२२ सालीं अध्यक्ष बायडन यांनीं दहा हजार डॉलरपर्यंत, आणि गरिबांस वीस हजारांपर्यंत, माफी जाहीर केली. सुमारे १ कोटि ६० लाख अर्ज मंजूरहि झाले. परंतु ३० जून २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं ती योजना रद्द केली, आणि तिच्यांतून एक डॉलरहि कोणास सुटला नाहीं. त्याच वर्षीं मिळकतीच्या मानानें हलके हप्ते देणारी दुसरी योजना निघाली. २०२४ सालीं न्यायालयानें तीहि अडविली. तिच्यांत शिरलेल्या ७० लाखांहून अधिक लोकांचे हप्ते थांबविण्यांत आले. यांत सुख मानावें, तर थांबलेले महिने १२० हप्त्यांत मोजले जात नव्हते. ज्या शिक्षिकेचे शेवटचे पांच हप्ते राहिले असतील, तिनें पैसे हातांत घेऊन उभें राहावें आणि घेणारानें हात पुढें करूं नये, अशी ही स्थिति.

आणि मग घेणाराचें घरच हालूं लागलें. कार्टर यांच्या वेळीं १९७९ सालीं कायद्यानें स्थापन झालेलें शिक्षणखातें मोडण्याची भाषा रेगन यांच्यापासून चालत आलेली होती. ११ मार्च २०२५ रोजीं त्या खात्यांतील सुमारे चार हजार नोकरांपैकीं जवळजवळ निम्मे कमी करण्याचा हुकूम निघाला. २० मार्चला अध्यक्ष ट्रम्प यांनीं खातें बंद करण्याच्या दिशेनें आज्ञापत्र काढलें. दुसऱ्याच दिवशीं, कर्जाचें काम लहान उद्योगांच्या खात्याकडे जाईल, असें जाहीर झालें. फेब्रुवारींत न्यायालयाच्या निकालानंतर मिळकतीप्रमाणें हप्ते ठरविण्याचा अर्जच मागें घेण्यांत आला होता. तो मार्चच्या अखेरीस परत आला. एप्रिलअखेर सुमारे २० लाख अर्ज तुंबले होते. नोकरकपात मे महिन्यांत एका न्यायाधीशानें थांबविली, जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हां मोकळी केली.

वसुलीची घडी मात्र त्या मानानें लवकर बसली. पांच वर्षें बंद असलेली थकबाकीची सक्तीची वसुली ५ मे २०२५ पासून सुरू झाली. ४ जुलैच्या नव्या कायद्यानें अडविलेली योजना १ जुलै २०२८ पर्यंत मोडून, तिच्याहून जड हप्त्यांची दुसरी आणण्याचें ठरविलें. कोणत्या योजनेंत जावें हें विचारण्यास कचेरीशीं बोलावें, तर कचेरींत माणसें कमी. आणि तुंबलेल्या अर्जांचा ढीग उपसला जाण्यापूर्वींच, १ ऑगस्टपासून, हप्ते थांबलेल्या त्या लाखों लोकांच्या कर्जावर पुन्हां व्याज चढूं लागलें.