उंबरठ्यावरचे अद्भुत पशू

इतिहासाच्या अभ्यासकाने घडले तेवढेच पाहावे, जे कधी नव्हतेच त्याच्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आहे. आम्हांस तो पुरता पटत नाही. आठ पायांचा शरभ कोणी पाहिलेला नाही. दोन मस्तकांचा गंडभेरुंड कोणा पारध्याच्या जाळ्यात सापडलेला नाही. पण हे प्राणी शतकानुशतके दगडात कोरून घेणारी माणसे होऊन गेली, आणि ती माणसे खरी होती. त्यांना भय कशाचे वाटे आणि बळाला ती कोणती जागा देत, हे या पशूंवरून कळते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाची कल्पना कितीही उंच उडाली, तरी सामान ती भोवतालच्या रानावनातूनच घेते. सुसरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूट एकत्र आले की मकर होतो. सिंहाच्या धडावर हत्तीचे डोके बसविले की गजव्याल होतो. अर्धा पक्षी आणि अर्धा माणूस म्हणजे किन्नर. नवे काय ते जुळणीत.

अशा जुळणीचे उत्तम नमुने पाहावयास आपणांस दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी पुढे आपल्याच जिल्ह्यात तापीला मिळते. तेथील काही लेण्यांच्या दारांवर, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत, मकरावर उभ्या असलेल्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. सतरावे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळचे. ते त्याच्या एका मांडलिकाने कोरविले. त्या मांडलिकाचे राज्य ऋषीक, म्हणजे आपला खानदेश, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा चितारली आहे. राक्षसींच्या बेटावर अडकलेल्या व्यापाऱ्यांना सोडविण्यास आकाशातून जाणारा अश्व येतो. जो लोभाने मागे पाहील तो खाली पडेल, अशी त्याची अट. सार्थवाहांच्या वाटेवर राहणाऱ्या लोकांना ही कथा जवळची वाटली असेल, यात नवल नाही.

आता देवळाकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या दगडी देवळांत पाऊल टाकताना उंबरठ्यावर एक विक्राळ तोंड दिसते. वटारलेले डोळे, वासलेला जबडा, आणि धड मात्र नाही. हे कीर्तिमुख. याची पुराणकथा अशी: जालंधर दैत्याने राहूस शिवाकडे पाठविले आणि पार्वतीची मागणी केली. क्रुद्ध शिवाने एक भुकेला प्राणी निर्माण केला. तो राहूला गिळावयास धावला, तेव्हा राहूने शिवाचीच करुणा भाकली व तो सुटला. मग त्या भुकेल्याने काय खावे? शिवाने सांगितले, स्वतःलाच खा. त्याने आपले सर्व अंग खाल्ले, तोंड तेवढे उरले. प्रसन्न होऊन शिवाने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले आणि आपल्या दारी ठेवले. गाभाऱ्यात नव्हे, दारी. हा भेद विसरू नये.

तिसरा पशू शरभ. अमरकोशात त्याचे नाव गवा आणि ससा यांच्या सोबतीने येते. म्हणजे कोशकाराला तो इतर जनावरांसारखाच एक वाटला. महाभारतात तो आठ पायांचा व सिंहालाही मारणारा आहे. लिंगपुराणात नरसिंहाचा कोप शमविण्यासाठी शिवच शरभाचे रूप घेतो. पुढे हा शरभ किल्ल्यांच्या दरवाज्यांवर चढला. आठ पाय दगडात क्वचितच दिसतात. बहुधा सिंहासारखे अंग, आणि पंजाखाली हत्ती. शिवनेरीच्या दरवाज्यांवर तो आहे. सिद्दींच्या जंजिऱ्याच्या महाद्वाराशीही पंजांत हत्ती धरलेला असाच पशू आहे.

आपल्या पूर्णेच्या वाटेने वर गेलो तर वऱ्हाडात गाविलगड लागतो. बहमनी सुलतान अहमदशहा याने तो १४२५ मध्ये बांधला असे सांगतात. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर सिंहांच्या जोडीला हत्तींना धरणारा गंडभेरुंडही आहे. हा पक्षी विजयनगरच्या बाजूचा. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण, लहानपणी युद्धात पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे फिरिश्ता लिहितो. दोन मुलखांच्या खुणा एकाच दरवाज्यावर का आल्या, याचा उलगडा त्यावरून अनेकांनी केला आहे. त्याहून जुना गंडभेरुंड पाहावयाचा तर कर्नाटकात बळ्ळिगावे येथे १०४७ मधील स्तंभ आहे; आणि तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या एका स्तूपाच्या जोत्यावरही दोन मस्तकांचा गरुड आहे.

अशी शिल्पे पाहिली की आपल्याकडे लगेच वाद सुरू होतो: हा पशू कोणाचा? आमचा की त्यांचा? आम्हांस हा प्रश्नच अपुरा वाटतो. बौद्धांच्या लेण्यात, शैवांच्या देवळात, सुलतानांच्या किल्ल्यात आणि सिद्दींच्या जलदुर्गात अद्भुत पशूंची ही परंपरा दिसते. धनी बदलले, धर्म बदलले. दगड घडविणारा पाथरवट आपली विद्या बापाकडून लेकाकडे देत राहिला. मालकी सांगावयाचीच तर पहिला मान त्याचा. हत्ती म्हणजे अमुक राजघराणे आणि शरभ म्हणजे तमुक, असे ठाम अर्थ सांगणाऱ्यांनी तसा लेख दाखवावा. नुसता दगड तेवढे बोलत नाही.

मग तो काय बोलतो? याचे उत्तर महाभारताच्या शांतिपर्वातील एका कथेत आम्हांस सापडते. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा होता. बिबट्याला भ्याला म्हणून ऋषीने त्याला बिबट्या केले. मग वाघ, हत्ती, सिंह, आणि शेवटी शरभ. शरभ झाल्यावर त्याला भय उरले नाही, तेव्हा त्याने ज्याने बळ दिले त्या ऋषीलाच खाण्याचे मनात आणले. ऋषीने ते ओळखले, त्याला पुन्हा कुत्रा केले आणि आश्रमाबाहेर घालविले. ही कथा भीष्म युधिष्ठिराला सांगतात. कोणत्या सेवकाला कोणत्या जागी नेमावे हा त्यांचा विषय आहे.

कीर्तिमुखाने आपली भूक स्वतःवर उलटविली, म्हणून त्याला दारी जागा मिळाली. शरभाने ती देणाऱ्यावरच उलटविली, म्हणून त्याची होती ती जागाही गेली. आपल्या पूर्वजांनी भयंकराला हाकलून दिले नाही आणि गाभाऱ्यातही बसविले नाही, राखणीला ठेवले. फौज, सत्ता, संपत्ती यांचे बळ कोठवर आत येऊ द्यावे, हा प्रश्न लोकशाहीतल्या नागरिकांनाही सुटलेला नाही.

तेव्हा यापुढे एखाद्या गडाच्या दरवाज्यातून जाताना घटकाभर थांबून वर पाहावे. त्या शिल्पावर रंग फासू नये, आपले नाव कोरू नये, आणि मुलांनी विचारले तर नुसते 'वाघ आहे' म्हणून पुढे जाऊ नये. त्यांना त्या कुत्र्याची गोष्ट सांगावी.