उशिराचे निदान

विशी-पंचविशीतल्या माणसाने स्वमग्नतेची तपासणी करून घ्यावी की नाही, हा प्रश्न जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे. त्याआधी तो कोणाला पडणे शक्यच नव्हते. स्वमग्नता हे लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दप्तरातले नाव होते; मोठ्या माणसाला ते लावायची सोय नव्हती. घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक, माणूसघाणा ही बिरुदे मात्र सगळीकडे तयार असत, आणि ज्याला ती चिकटत तो ती घेऊनच म्हातारा होई.

गंमत अशी की ‘ऑटिझम’ हा शब्द जन्मला तो मोठ्यांच्याच आजारातून. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या आपल्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे वर्णन करताना, बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या मनोराज्यात राहण्याच्या लक्षणाला हे नाव दिले. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. मराठीतला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द त्याच अर्थावर बेतलेला आहे, आणि म्हणून थोडा फसवाही. ज्यांना आज हे निदान मिळते त्यांतले कित्येक स्वतःत मग्न नसतात. चारचौघांत कसे वागायचे याच्या विवंचनेतच त्यांचा दिवस जातो. हा शब्द पुढे मुलांकडे गेला आणि तिथून मोठ्यांकडे परतायला त्याला सत्तर वर्षे लागली.

मुलांकडे तो नेणाऱ्यांत तीन नावे येतात. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली सहा मुलांचे बारकाईने वर्णन केले. पुढच्याच वर्षी ते जर्मनमध्येही आले, तरी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांचा निबंध १९४३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अकरा मुले होती, आठ मुलगे आणि तीन मुली. व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी १९४४ साली चार मुलग्यांविषयी लिहिले. कॅनर यांची बरीच मुले बोलत नव्हती किंवा ऐकलेलेच पुन्हा म्हणत. आस्परगर यांची मुले पोक्तपणे, पुस्तकी भाषेत बोलत आणि एखाद्या विषयाच्या मागे हात धुऊन लागत. अशी मुले मोठेपणी काय करतात याचा विचार आस्परगर यांनी केला होता. विद्यार्थिदशेतच न्यूटनच्या एका सिद्धतेतली चूक दाखवून पुढे खगोलशास्त्राचा अध्यापक झालेल्या एका माणसाचा दाखला त्यांच्या निबंधात आहे. मात्र निबंध जर्मनमध्ये होता, काळ युद्धाचा होता, आणि इंग्रजी जगात तो फारसा वाचला गेला नाही. आस्परगर यांचे नाव पुढे जगभर झाले आणि मग काळवंडले: अपंग मुलांना जिथे मारले जाई त्या व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेकडे त्यांनी मुले पाठवल्याची कागदपत्रे इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८मध्ये मांडली.

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. १९३८ साली कॅनर यांनी त्याला प्रथम पाहिले. त्याआधी वडिलांनी त्याच्याविषयी तेहतीस पानी पत्र धाडले होते. काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड. जोडप्याने त्याला नांगरताना मक्याच्या ओळी मोजू दिल्या. तो पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३मध्ये, नव्वदीला टेकलेला असताना वारला. कॅनर यांनी १९७१ साली आपल्या अकराही मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा डोनाल्डसारखे सुस्थितीतले थोडेच निघाले. ज्यांना सरकारी मनोरुग्णालयात टाकले होते त्यांची लहानपणची चमकही विझली होती. या मागोव्यातून मोठ्यांच्या स्वमग्नतेचा अभ्यास तेव्हाच सुरू व्हायला हरकत नव्हती. झाला नाही, कारण मधली वर्षे दोष शोधण्यात गेली. आई थंड, कोरडी असल्याने मूल असे होते ही समजूत रूढ होती, आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, १९६४मध्येच तिला आव्हान दिले होते. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या १९७७मधील जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा पुढे आणला. आईवरचा डाग पुसणे हे त्या पिढीचे काम होते. मूल मोठे झाल्यावर त्याचे काय, हा विचार नंतरचा.

१९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली. स्वमग्नतेला तिच्यात प्रथमच स्किझोफ्रेनियापासून वेगळे स्थान मिळाले, पण नाव होते ‘शैशवातील ऑटिझम’ आणि अट होती तीस महिन्यांच्या आत सुरुवात होण्याची. मोठ्यांसाठी त्यात ‘अवशिष्ट अवस्था’ नावाचा एक कोपरा होता. मोठेपणी उरतो तो फक्त गाळ, ही कल्पना त्या नावात दिसते.

लगेच पुढच्या वर्षी लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांचा निबंध आला. मोठ्यांच्या निदानाची खरी सुरुवात इथून धरायला हवी. विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या, स्वमग्न मुलीच्या आई होत्या, आणि १९६२ साली ब्रिटनमध्ये पालकांनी काढलेल्या संघटनेच्या संस्थापकांपैकी होत्या. ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर त्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी केली होती. १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॅनर यांच्या चौकटीत न बसणारी, पण त्याच जातीच्या अडचणी असलेली पुष्कळ मुले आढळली. चौकटच तोकडी आहे हे त्यांच्या ध्यानात आले. १९८१च्या निबंधात त्यांनी आस्परगर यांचे विस्मृतीत गेलेले काम इंग्रजीत आणले आणि चौतीस जणांची माहिती दिली. त्यांची वये होती पाच ते पस्तीस. मोठी झालेली, बोलणारी, शिकलेली, कधी नैराश्याच्या उपचारासाठी आलेली ही माणसे या नावाखाली प्रथमच एकत्र दिसली. ‘आस्परगर सिंड्रोम’ हे नाव विंग यांनी सोयीसाठी वापरले होते. ऑटिझम म्हटले की न बोलणारे, डोलत बसलेले मूल डोळ्यांपुढे येई आणि अशा माणसांच्या बाबतीत तो शब्द कोणी ऐकून घेत नसे. वेगळा रोग म्हणून तो प्रस्थापित करायचा त्यांचा हेतू नव्हता. झाले मात्र तसेच.

तोवर ही माणसे इतर नावांखाली विखुरलेली होती. डिग्बी टँटम यांनी १९८८मध्ये साठ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यभर विक्षिप्त आणि एकटी राहिलेली, मनोविकारतज्ज्ञांकडे धाडली गेलेली ही माणसे. त्यांतल्या बहुतेकांना हेच निदान लागू पडत होते. एडिंबरोच्या सुला वुल्फ यांनी वर्षानुवर्षे एकलकोंड्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला, आणि सुखारेवांचा निबंध इंग्रजीत आणला तोही त्यांनीच. १९९१ साली विंग आणि गूल्ड यांनी मुलांबरोबर प्रौढांचेही निदान करणारे केंद्र ब्रिटनमध्ये सुरू केले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत आणि १९९४च्या अमेरिकन पुस्तिकेत आस्परगर सिंड्रोम दाखल झाला. निदानाला आता अधिकृत घर होते.

ते घर गाठणारी माणसे दोन वाटांनी आली. एक वाट मुलांची. शाळेने मुलाला तपासायला धाडले, डॉक्टर लक्षणे वाचू लागले आणि समोर बसलेल्या बापाला वाटले, हे तर माझेच वर्णन चालले आहे. दुसरी वाट पुस्तकांची. टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६मध्ये आणि डोना विल्यम्स यांचे १९९२मध्ये आले. ‘रेन मॅन’ या १९८८च्या चित्रपटाने ऑटिझम हा शब्द घरोघर नेला खरा, पण त्यातला नायक सामान्य वाचकाला आपल्यासारखा वाटण्याजोगा नव्हता. १९९३मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने पालकांना सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. डॉक्टर आणि पालक यांच्या संभाषणात तिसरा आवाज शिरला होता. १९९८पर्यंत, ज्युडी सिंगर आणि हार्वी ब्लूम यांच्या लिखाणातून, ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणजे मेंदूंची विविधता हा शब्द छापून आला.

२००१ साली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. निदान झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्क्यांना ३२ किंवा अधिक गुण मिळाले. इतरांत हे प्रमाण २ टक्के होते. ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाने त्याच वर्षी ती छापली आणि डॉक्टरांच्या खोलीतली गोष्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. आकडा मोहक असतो. प्रश्नावली चाळणी म्हणून केलेली होती. चाळणीत राहिले म्हणजे निदान झाले असे नव्हे. चिंतारोग असलेल्या किंवा नुसत्या लाजऱ्या माणसाचे गुणही वर जाऊ शकतात, आणि आयुष्यभर सावरून वागायला शिकलेल्या स्वमग्न माणसाचे खाली राहू शकतात. पण ‘जावे का तपासणीला?’ हा प्रश्न रात्री एकट्याने स्वतःला विचारण्याची सोय याच प्रश्नावलीने केली.

तपासणीची रीत मात्र मुलांच्या मापाने बेतलेली राहिली. निदान पक्के करायला बालपणाचा पुरावा लागतो, आणि तो आईवडिलांच्या तोंडून घ्यायची पद्धत आहे: पहिला शब्द केव्हा बोलला, बोट दाखवून वस्तू मागत असे का, इतर मुलांत मिसळे का. चाळिशीतल्या माणसाची आई काही वेळा हयात नसते, किंवा तिला आठवत नाही. विशीतल्याची अडचण निराळी. आई आहे, पण तिला हे कळू द्यायचे नसते. किंवा ‘लहानपणी काही त्रास नव्हता, शहाणे बाळ होते’ असे ती मनापासून सांगते. मग शाळेची प्रगतिपुस्तके, जुने शेरे, थोरली बहीण असे मिळेल ते साक्षीला घ्यावे लागते.

मुलांचे माप आणि मोठ्यांचे आयुष्य यांतली ही तफावत कागदावर मान्य झाली ती २०१३मध्ये. अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने आस्परगर सिंड्रोम रद्द करून सगळ्यांना एकाच ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’खाली घेतले. लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत, परंतु आयुष्याच्या मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पुरती उघड होतीलच असे नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांनी ती पुढे झाकलीही जाऊ शकतात, असे तिने नमूद केले. उशिराच्या निदानाला याहून स्पष्ट आधार आधी नव्हता. कॉलेज, पहिली नोकरी, घराबाहेरची पहिली खोली या टप्प्यांवर गाडी का अडते, याचेही उत्तर त्यात होते. शाळेतले वेळापत्रक आणि आईची शिस्त यांनी जे सावरले होते ते तिथे सुटते. मुलींना या तरतुदीचा विशेष उपयोग झाला. त्यांचे निदान पिढ्यानपिढ्या हुकले होते. मैत्रिणींची नक्कल करून निभावून नेणाऱ्या मुलीला चिंता, नैराश्य किंवा व्यक्तिमत्त्वविकार अशी लेबले मिळत. आपल्याला अतिचंचलता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत असे म्हणायलाही याच आवृत्तीने परवानगी दिली; त्याआधी नियमानेच एक निवडावे लागे.

इंग्लंडमध्ये कायदाही झाला. २००९चा ऑटिझम कायदा मुख्यतः प्रौढांसाठीच होता, आणि त्याने प्रौढांच्या निदानाची वाट आखणे सरकारला भाग पाडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर हजार प्रौढांत सुमारे दहा जण स्वमग्न आढळले, आणि त्यांची आधी दखलच घेतली गेलेली नव्हती असे दिसले. २०१२मध्ये प्रौढांच्या निदानाची राष्ट्रीय मार्गदर्शिका आली. दहा प्रश्नांची छोटी चाळणी, सहा किंवा अधिक गुण असल्यास तपासणी. तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी असा दंडक ठरला, पण रांगा त्याच्या कितीतरी पुढे गेल्या. १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत ब्रिटनमधील नव्या निदानांची नोंद ७८७ टक्क्यांनी वाढली, आणि वाढीचा वेग प्रौढांत आणि स्त्रियांत जास्त होता. ऑटिझमची साथ आली असा अर्थ काहींनी काढला. मागची थकबाकी वसूल होत होती, असे म्हणणे अधिक रास्त.

भारतात गोष्ट निराळ्या टोकाने सुरू झाली. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ यांनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ काढली. मुंबईतील ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१चे. दोन्हींची सुरुवात मुलांच्या प्रश्नांतून झाली. १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो घेतला, पण त्या कायद्याचा एक मोठा भाग अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याविषयी आहे. आईवडिलांच्या पश्चात काय, ही चिंता त्यामागे होती आणि ती खरी होती. तरी स्वतःहून तपासणीला येणारा प्रौढ त्या कायद्याच्या कल्पनेत कुठेच दिसत नाही. २०१०च्या ‘माय नेम इज खान’मध्ये बोरिवलीत वाढलेला आस्परगरचा नायक पडद्यावर आला आणि मोठ्या माणसालाही हे असते, हे मराठी घरांतही दिसले.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस दिव्यांगत्वांत ऑटिझम स्पेक्ट्रमचा समावेश केला. त्याची व्याख्या मात्र आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत साधारणपणे दिसणारी स्थिती अशीच आहे. नोकरीतील राखीव जागा ४ टक्के. त्यांपैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांत मिळून. लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि तो मोजायला चाळीस बाबींचे भारतीय मोजमाप आहे, ज्यात गुण ४०पासून २००पर्यंत जातात. हे माप बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाला लागते. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि रोज संध्याकाळी दमून अंधारात पडून राहणाऱ्या माणसाला मनोविकारतज्ज्ञ स्वमग्न म्हणू शकतो आणि दाखला देणारे वैद्यकीय मंडळ ४० टक्के नाकारू शकते. निदान आणि दाखला या दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत. पहिल्या चिठ्ठीने परीक्षेत जादा वेळ मिळत नाही, राखीव जागाही नाही. तिने मिळते ते मागच्या आयुष्याचे स्पष्टीकरण आणि पुढच्या उपचारांची दिशा. दुसरी चिठ्ठी सरकारदरबारी नोंद होते, आणि स्थळे पाहायला सुरुवात झालेल्या घरात तिचे वजन वेगळेच असते. त्यामुळे पहिली घेऊन दुसरी न मागण्याचा पर्यायही खुला राहतो. पाश्चात्त्य देशांत तर काही प्रौढ पहिलीही न घेता स्वतःच्या ओळखीवर थांबतात.