तक्त्यातून लेबलापर्यंत : एक प्रस्तावना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा खरेदीदार हळकुंड मोडून पाहतो. मोडतानाचा आवाज आणि आतला रंग यांवरून माल किती वाळला आहे, कोणत्या प्रतीचा आहे, हे त्याला कळते. बेदाण्याचेही तसेच, मणी तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय भाव बोलला जात नाही. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद जपत आलेल्या या मुलखाने मालाच्या पारखेची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. मात्र तीच हळद दळून दोनशे ग्रॅमच्या पाकिटात बंद झाली, की ही पारख थांबते. पुण्या-मुंबईच्या दुकानात पाकीट हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हळकुंड मोडून पाहता येत नाही. त्याच्यासमोर असतो तो फक्त एक चिकटवलेला कागद. प्रस्तुत पुस्तिका त्या कागदाविषयी आहे.

माधवनगरला हा विषय परका वाटू नये. कापड गिरणी आणि यंत्रमाग यांनी या गावाची ओळख घडवली, आणि ताग्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ताग्याचा हिशेब कधी लागला नाही. आज गावातल्या आणि सांगलीच्या वाटेवरच्या लहान उद्योगांत माल करणारी माणसे मोजकीच असतात, आणि लेबलांचे काम त्यांच्यापैकीच एकाच्या गळ्यात असते. टेम्पो लागायच्या आत ते उरकायचे असते. त्यामुळे ते बिनमहत्त्वाचे समजले जाते. कालच्या फाईलमध्ये तारीख बदलली, प्रिंट काढली, झाले. आमचे म्हणणे असे की लेबल ही आधी नोंद आहे आणि मग छपाई. नोंद एकदाच, एकाच तक्त्यात आणि नीट लिहिली, तर तीवरून हवी तितकी लेबले यंत्राने आपोआप भरता येतात. ही विद्या अवघड नाही, पण तिचे काही बारकावे आहेत, आणि ते मराठीत सांगणारे लेखन फारसे हाताशी नसते.

पाकिटावर काय असावे हे आता कोणाच्या मर्जीवर राहिलेले नाही. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनुसार उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर द्यावा लागतो. २०२१ सालच्या दुरुस्तीने त्यात एककाच्या दराची भर पडली. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि शाकाहारी मालाची हिरवी खूणही हवी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ते मानांकन पाकिटावर मिरवायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी असावी लागते. म्हणजे ‘मानांकन : आहे किंवा नाही’ हाही तक्त्यातला एक रकाना झाला.

वाचकांनी येथे एक भेद मनात पक्का करावा. लेबलावरचा काही मजकूर वर्षभर बदलत नाही : मालाचे नाव, पत्ता, घटक, हिरवी खूण. काही मजकूर दर खेपेला बदलतो : बॅच, तारीख, वजन, किंमत. पहिला भाग लेबलाच्या नमुन्यात कायमचा बसवायचा आणि दुसऱ्यासाठी नमुन्यात रिकाम्या चौकटी ठेवायच्या. पुढचे सगळे तंत्र या एका विभागणीवर उभे आहे. जी गोष्ट हिशेबाने निघते ती तर हाताने लिहूच नये. दोनशे ग्रॅमचे पाकीट साठ रुपयांना असेल तर एककाचा, म्हणजे ग्रॅमचा, दर ३० पैसे. हा भागाकार एक्सेलच्या सूत्राने करावा. किंमत बदलली आणि दर जुनाच छापला गेला, हा दोष पुष्कळ पाकिटांवर दिसतो आणि तो अगदी विनाकारण घडतो.

आता नमुन्यातल्या चौकटींविषयी. त्या पीडीएफ फॉर्ममध्ये ठेवता येतात. ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणले ते कागद सर्वत्र सारखा दिसावा म्हणून. १९९६ च्या १.२ आवृत्तीत त्यात भरता येणारे फॉर्म आले, आणि २००८ पासून हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक झाले. अशा फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीला, म्हणजे फील्डला, एक नाव असते. तक्त्यातल्या रकान्याचे शीर्षक आणि फील्डचे नाव तंतोतंत जुळले, की प्रोग्राम एकेक ओळ उचलून फॉर्म भरत जातो. सरकारी अर्ज, प्रमाणपत्रे, परीक्षेची हॉल तिकिटे ही कामेही याच तत्त्वावर करता येतात.

नवख्या माणसाला येथे एक गोष्ट हमखास चकवते. पीडीएफ फॉर्ममध्ये एकाच नावाची दोन फील्ड असतील तर दोन्हींत एकच मजकूर उमटतो. चोवीस लेबलांच्या पानावर एक लेबल बनवून त्याच्या तेवीस नकला केल्या आणि नावे तशीच ठेवली, तर चोवीस ग्राहकांऐवजी एकाच ग्राहकाचा पत्ता चोवीस वेळा छापून येतो. पत्त्यांसाठी नाव_०१ ते नाव_२४ अशी वेगळी नावे द्यावीच लागतात. हळदीच्या पाकिटांसाठी मात्र हाच गुण वरदान आहे : बॅच एकच, तारीख एकच, एका फील्डमध्ये भरले की सगळे पान भरते. आपले काम या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे तुम्ही आधी ठरवा. सॉफ्टवेअरची चर्चा त्यानंतर.

तक्त्याची शिस्त हा या विद्येचा खरा गाभा. एक ओळ म्हणजे एक लेबल, एका रकान्यात एकच प्रकारची माहिती. नाव, गाव आणि पिनकोड एकाच खणात कोंबू नये. एक्सेल हे हिशेबासाठी घडलेले यंत्र असल्याने दिसेल तो आकडा त्याला संख्याच वाटतो. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक साध्या खणात टाकला तर तो १.१५ई+१३ असा काहीतरी दिसू लागतो, आणि फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली तर तेच चिन्ह कायम होऊन मूळ अंक हरवतात. तेरा अंकी बारकोडचीही हीच गत. उपाय सोपा आहे : असे रकाने भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. तारखेचेही भान हवे. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे संगणकाच्या सेटिंगवर सोडू नये. महिना अक्षरात लिहावा.

एक्सेल संख्येच्या सुरुवातीचे शून्य गाळते, पण पिनकोडच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि तीत कोणताही पिन शून्याने सुरू होत नाही. त्यामुळे माधवनगरचा ४१६४०६ एक्सेलमधून सुखरूप बाहेर येतो. (सांगलीचा ४१६४१६ आणि हा यांत पाचवा अंक तेवढा वेगळा आहे, तेव्हा डोळ्यांनी तपासणे आलेच.) पण दिवाळीचा फराळ न्यू जर्सीला पाठवणाऱ्यांनी सावध राहावे. एडिसनचा ०८८१७ हा कोड एक्सेल बिनदिक्कत ८८१७ करून टाकतो.

आणि आता देवनागरी. या विषयावरची इंग्रजी पुस्तके येथे गप्प असतात, म्हणून आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवताना ती आधी काढावी लागते. जोडाक्षरेही अशीच दाखवताना घडवली जातात. पीडीएफ भरणाऱ्या अनेक प्रोग्रामना ही घडवण्याची क्रिया येत नाही. ते अक्षरे साठवलेल्या क्रमानेच मांडत जातात. गंमत अशी की अशा प्रोग्राममध्ये माधवनगर बरोबर छापले जाते. सांगली, तासगाव, पलूस, जत हीसुद्धा बिनचूक येतात, कारण या नावांत ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षर नाही. मिरज मात्र ‘मरिज’ असे वाचले जाते, विटा आणि शिराळा यांचीही मोडतोड होते, आणि आष्ट्यातला ष पाय मोडून वेगळा उभा राहतो. माधवनगरच्या माणसाने स्वतःचा पत्ता टाकून चाचणी घेतली तर सगळे ठीक आहे असेच त्याला वाटेल. तेव्हा वाचकांनी चाचणीसाठी नेहमी मिरज आणि आष्टा ही नावे वापरावीत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. नाहीतर कागदावर केवळ इंग्रजी चिन्हांचा गुंता उमटतो.

यावरून आमचे मत स्पष्ट सांगतो. मालाच्या लेबलासाठी भरायचा पीडीएफ फॉर्म उत्तम : मराठी मजकूर नमुन्यात चित्रासारखा कायम बसवून टाकावा आणि फील्डमध्ये फक्त आकडे आणि इंग्रजी अक्षरे भरावीत. मराठी पत्त्यांसाठी मात्र लिबरऑफिस किंवा वर्डमधला मेल मर्ज (तक्त्यातला मजकूर नमुन्यात आपोआप भरण्याची सोय) वापरून त्याची पीडीएफ काढावी, कारण तेथे देवनागरी नीट घडते. पीडीएफटीके, पायथन यांसारखी, आज्ञा लिहून चालवायची साधने हजारो लेबले रोज काढणाऱ्यांनी शिकावीत. इतरांचे त्यावाचून अडत नाही. कायद्याप्रमाणे खाद्यपदार्थाच्या लेबलावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीने देता येते. देता येते म्हणून ती वगळावी असे आम्हाला वाटत नाही. सांगलीची हळद सांगलीच्या भाषेत स्वतःचे नाव सांगू शकली पाहिजे.

छपाईविषयी दोनच सूचना येथे पुरेत. फील्डमधल्या अक्षराचा आकार ‘ऑटो’ ठेवू नये. मजकूर लांबला की अक्षर बारीक होत जाते, आणि अंकांची किमान उंची तर नियमाने ठरलेली आहे. दुसरी सूचना प्रिंटरच्या खिडकीतली. तेथे ‘फिट टू पेज’ ऐवजी ‘ॲक्च्युअल साइज’ निवडावे. एफोर पानाची उंची २९७ मिलिमीटर. पान तीन टक्के आक्रसले तरी वरपासून खालपर्यंत जवळजवळ नऊ मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटच्या रांगेतला मजकूर स्टिकरच्या कडेवर चढतो. पहिली प्रिंट साध्या कागदावर काढून ती स्टिकरच्या पानावर ठेवावी आणि उजेडासमोर धरावी. स्टिकरचे पान महाग, साधा कागद स्वस्त.

ही पुस्तिका क्रमाने वाचलीच पाहिजे असे नाही. ज्यांचे काम पत्त्यांचे आहे त्यांनी मेल मर्जच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. ज्यांना कायद्याची बाजू आधी समजून घ्यायची आहे त्यांनी तेथून. मात्र संगणक सुरू करण्यापूर्वी तुम्ही एक करा. आपल्याच मालाचे एक जुने लेबल घ्या आणि दर खेपेला जे बदलते त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. रेघ ओढलेल्या शब्दांची यादी म्हणजे तुमच्या तक्त्याच्या रकान्यांची शीर्षके. ती यादी हाताशी ठेवून पहिले प्रकरण उघडावे.