मोहाचें फूल आणि स्कॉटलंडचें मद्य

कन्हान नदीच्या कांठीं वसलेलें खापा हें नागपूर जिल्ह्यांतील जुन्या विणकरांचें गांव. तेथून उत्तरेस सातपुड्याचीं रानें फार दूर नाहींत. चैत्राच्या पहांटे त्या रानांत मोहाखालीं फुलांचा सडा पडतो. तीं फुलें वेंचून वाळविणें, आंबविणें व भट्टीवर गाळणें ही गोंडादि लोकांची पिढीजात विद्या आहे. त्या मद्यास 'हातभट्टी' म्हणून आम्ही नाक मुरडतों. विलायती बाटलीवरील 'परंपरा' हा शब्द मात्र आदरानें वाचतों. हा भेद चवीनें केला कीं कायद्यानें, हें पाहण्यासारखें आहे.

स्कॉटलंडांतहि एके काळीं असंख्य भट्ट्या दऱ्याखोऱ्यांत चोरूनच चालत. १८२३ सालीं सरकारनें कर उतरवून दहा पौंडांत वार्षिक परवाना देऊं केला. दुसऱ्याच वर्षीं ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनें तो घेतला. १८३० सालीं ईनीअस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्यानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट मिळविलें व धान्याचें हलकें, स्वस्त मद्य विपुल निघूं लागलें. १८६० च्या कायद्यानें तें जवाच्या मद्यांत कर भरण्यापूर्वींच वखारींत मिसळण्याची मुभा मिळाली. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनीं मग मिश्रणाची कला वाढीस लावली. त्याच सुमारास फ्रान्समधील द्राक्षमळे किडीनें उजाड होऊं लागले, ब्रँडी दुर्मिळ झाली, आणि या मिश्रणास बाजार मोकळा झाला.

चवीचें रहस्य मेळ घालण्यांत आहे. पीट नांवाच्या दलदलींतील जळाऊ मातीवर जव वाळविले कीं मद्यास धुराचा वास येतो. शेरीच्या जुन्या ओकच्या पिंपांत तें मुरलें कीं सुक्या मेव्याची गोडी येते. धान्यमद्य त्यांस सौम्य करतें. अनेक भट्ट्यांचीं मद्यें एकत्र करून वर्षानुवर्षें तीच चव राखणें, हीच मिश्रण करणाराची करामत. तरीहि या मिश्रणास 'व्हिस्की' म्हणावें काय, असा वाद पेटला. १९०९ सालीं शाही आयोगानें 'म्हणावें' असा निर्णय दिला. पिंपांत मुरविण्याची सक्ती १९१५ च्या कायद्यानें आली.

मोहाच्या नशिबीं उलट आलें. १८९२ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलें बाळगण्यावर व विकण्यावरच निर्बंध घातले. आजहि महाराष्ट्रांत परवान्यावांचून मद्य गाळणें हा गुन्हा आहे. १९५६ पर्यंत खापा व त्याच्या उत्तरेचा सातपुडा एकाच राज्यांत होते. पुढें मधून सीमा गेली. त्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशानें २०२२ सालीं याच मोहाच्या मद्यास 'हेरिटेज' ठरवून आदिवासी गटांस तें करण्याची वाट दिली.

मद्यपानाची तरफदारी आम्हांस करावयाची नाहीं. त्यानें उद्ध्वस्त झालेले संसार आम्हीं पाहिले आहेत. पण मद्य दोन्हीकडे मद्यच. एकाची परंपरा होते व दुसऱ्याचा पंचनामा होतो, याचें कारण केवळ जिभेवर शोधूं नये. तें सरकारी दप्तरांतहि सांपडेल.