कला वाट्याला येणे आणि कला शिकणे : नागसेनवनातील कलावंत शिक्षकांची परंपरा

दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा नाटकांची यादी दिली जाते. अमुक नाटक अमुक साली झाले, ते अमक्याने लिहिले, त्यातून अमुक जाणीव प्रकट झाली, असे सांगून समीक्षक मोकळा होतो. ही यादी आवश्यक आहे, हे मान्य. परंतु तिच्यामागचा एक प्रश्न तसाच राहतो. ही कला शिकवली कोणी? कोणाला शिकवली? आणि शिकवणाऱ्याचे व शिकणाऱ्याचे नाते कोणत्या प्रकारचे होते? औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनाचा विचार या प्रश्नाच्या अंगाने फारसा झालेला नाही. तो केला पाहिजे. कारण आपल्या समाजाच्या बाबतीत 'कला शिकणे' ही साधी गोष्ट नव्हती.

एक गैरसमज प्रथम दूर करायला हवा. दलित समाजाला कला नवी होती आणि शिक्षणाने ती त्याला दिली, असे कोणी समजत असेल तर ते खोटे आहे. गावगाड्यात हलगी कोणाच्या हातात होती? सनई, डफ, संबळ कोण वाजवीत होते? तमाशाचे फड कोणाच्या गळ्यावर उभे होते? पोतराज कोण झाला आणि मुरळी म्हणून कोणाच्या मुली सोडल्या गेल्या? कला आपल्या वाट्याला आलेलीच होती. जसे मेलेले ढोर ओढणे वाट्याला आले होते, तशीच. ती जन्माने येत होती आणि बापाकडून मुलाकडे जात होती. तुला हे शिकायचे आहे काय, असे त्या मुलाला कोणी विचारीत नव्हते. हलगी वाजल्याशिवाय गावाची वरात निघत नव्हती, आणि वरात मांडवात शिरली की हलगीवाला मांडवाबाहेर बसत होता. त्याची कला आत जात होती, तो जात नव्हता. बदल्यात पसाभर दाणे आणि उष्टे. कौशल्य होते, मेहनत होती, पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम होती. नव्हते ते स्वातंत्र्य.

बाबासाहेबांनी ही गाठ अचूक ओळखली होती. पवळा हिवरगावकर ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली महार समाजातली असामान्य कलावती. तिच्या साथीने पठ्ठे बापूरावांचा फड महाराष्ट्रभर गाजला. या बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, असे इतिहासकार नोंदवतात. महार स्त्रिया नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. पुढे १९३६ साली मुंबईत वाघ्या, मुरळी, देवदासी यांच्या सभेत त्यांनी हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. यावरून बाबासाहेब कलेच्या विरोधात होते असा निष्कर्ष काढणारे काढतात. पण याच बाबासाहेबांनी जलशांना उत्तेजन दिले आणि महाविद्यालयाच्या प्रांगणात नाटकही पाहिले. त्यांचा विरोध जातीने लादलेल्या कलेला होता. माणसाने समजून उमजून निवडलेली कला त्यांना हवीच होती. या दोहोंमधले अंतर शिक्षकाशिवाय ओलांडता येत नाही, हाच या लेखाचा मुद्दा आहे.

या अंतराचा पहिला टप्पा शंभर वर्षे आधी जोतीरावांनी बांधला. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोतीराव तेव्हा नाटककार म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते शाळामास्तर होते. भोळ्या शेतकरी जोडप्याला जोशी कसा नागवतो हे या नाटकात आहे, आणि शेवटी ते जोडपे शिकण्यासाठी शाळेची वाट धरते. म्हणजे एका शिक्षकाने लोकांना शाळेत आणण्यासाठी नाटक रचले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. जोतीरावांच्या हयातीत ते छापून झाले नाही. ते छापील स्वरूपात वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे एका शिक्षकाचे नाटक कागदावर पडून होते.

परंतु त्याच १८५५ साली दुसरी एक घटना घडली. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. शिक्षकाच्या नाटकाला दार बंद झाले आणि विद्यार्थिनीचे लिखाण मात्र त्याच वर्षी जगापुढे आले. कलावंत शिक्षकाचे यश कशात मोजायचे, याचे उत्तर या दोन घटना शेजारी ठेवल्या की मिळते.

दुसरा टप्पा जलशाचा. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. त्या वाटेने पुढे आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचे नाव यात अग्रभागी. जलशाने गणातला देव काढला, गवळणीतली कृष्णाची छेडछाड काढली, आणि त्या जागी पाणवठा, मंदिरप्रवेश, मुलांची शाळा, दारूबंदी हे विषय आणले. ढोलकी तीच, कडे तेच, हातही तेच. पण वाजवणारा आता कोणाच्या दारात उभा नव्हता. तो आपल्या माणसांसमोर उभा होता. जलशाची तालीम हीच तिथली शाळा होती. ज्याला लिहिता येत नाही त्याला पद पाठ होत होते, आणि पदाबरोबर विचारही पाठ होत होता. वामनदादा कर्डक तर स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले आणि नंतर गावोगावच्या गायकांचे गुरू झाले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांविषयीचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध केले, म्हणून त्या पिढीचे थोडेफार आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे शिकवणे त्यांच्याबरोबर गेले.

तिसरा टप्पा नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ साली झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, आणि १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. निजामाच्या राजवटीतून नुकताच सुटलेला मराठवाडा. उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नाहीच. मराठवाडा विद्यापीठ निघायला १९५८ साल उजाडायचे होते. अशा वेळी ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती अशी मुले खेड्यांतून येऊन येथे वसतिगृहात राहू लागली.

या संस्थेचे नाव नीट पाहिले पाहिजे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्षू. महाविद्यालयाला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि ते ज्या परिसरात उभे राहिले त्याला शिकवणाऱ्याचे. एकलव्याचा अंगठा कापून घेणाऱ्या गुरुपरंपरेला यापेक्षा स्पष्ट उत्तर दुसरे कोणते असेल? येथे शिष्याने अंगठा द्यायचा नव्हता. त्याने प्रश्न विचारायचा होता.

याच मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, आणि १९५५ साली ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. पुराणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्य माणसाच्या वाट्याला काय आले, याचा प्रवास या नाटकात आहे. १९५६ साली धम्मदीक्षेच्या निमित्ताने नागपुरातही, अफाट जनसमुदायापुढे, त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा आरंभ येथून धरला जातो. चिटणीस जन्माने दलित नव्हते, म्हणून काहींनी हा आरंभ मानायला खळखळ केली. ही चर्चा लेखकाच्या जन्मापाशी अडकली आणि नाटक ज्यांनी उभे केले त्यांच्याकडे पाहायचे राहून गेले.

जरा विचार करावा. नाटक बसवायचे म्हणजे काय करावे लागते? संहिता वाचावी लागते. तिचा अर्थ लावावा लागतो. वाक्य पाठ करून मोठ्याने, न अडखळता, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागते. ज्या मुलाला गावात पाटलापुढे मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, त्याने रंगमंचाच्या मध्यभागी उभे राहून शतकांचा जाब विचारायचा! त्याचा 'न' आणि 'ण' चुकला तर इतरत्र वर्ग हसत होता. येथे त्याच्या तोंडी मुख्य वाक्य होते. हलगीवाल्याचा नातू मांडवात आला होता, आणि आता मांडवच त्याचा होता. 'युगयात्रे'चे खरे महत्त्व मला येथे दिसते. ते नाटक जितके लेखकाचे, तितकेच ते तालमीचे होते.

मिलिंदच्या शिक्षकांनी ही रीत नाटकापुरती ठेवली नाही. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, मिलिंदमध्ये प्राचार्य झाले, आणि कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य त्यांनी येथील तरुणांसमोर ठेवले. त्या तुलनेचा आपल्या वाङ्मयीन विचारावर काय परिणाम झाला हे सर्वश्रुत आहे. मात्र त्यातला एक भाग आपण पुरेसा उचलला नाही. कृष्णवर्णीयांनी कविता लिहिल्या, तशा कलाशाळाही काढल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३७ साली सरकारी योजनेतून कम्युनिटी आर्ट सेंटर उघडले. ऑगस्टा सॅव्हेज ही कृष्णवर्णीय शिल्पकार स्त्री त्याची पहिली संचालिका. वस्तीतल्या मुलांना, मोलमजुरी करणाऱ्या माणसांना तेथे चित्र आणि शिल्प शिकता येत होते. सरकारी पैसा आटला आणि १९४२ मध्ये ते बंद पडले. पुढे १९६५ साली त्याच हार्लेममध्ये लेरॉय जोन्स, म्हणजेच नंतरचे अमिरी बराका, यांनी नाट्यगृह आणि शाळा एकत्र असलेली संस्था काढली. तीही फार काळ टिकली नाही. दोन्ही संस्था अल्पायुषी, पण तेथे शिकलेल्यांच्या कामातून त्या उरल्या. पैसा आणि इमारत गेल्यावर काय शिल्लक राहते, हे हार्लेमने दाखवले, तसेच नागसेनवनानेही.

डॉ. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये आणि पुढे विद्यापीठात मराठी शिकवीत होते. वर्ग सुटला तरी त्यांचे शिकवणे सुटत नव्हते. 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे हे त्या शिकवण्याचेच दुसरे रूप. कोठल्यातरी तालुक्याच्या गावचा प्राथमिक शिक्षक किंवा कारकून आपली पहिली कविता या नियतकालिकाकडे पाठवीत होता. ज्याच्या घरात टेबल नाही त्याला या मेळाव्यांनी व्यासपीठ दिले. २०१८ साली पानतावणे गेले. कथाकार प्रा. अविनाश डोळस हे मिलिंदचे अध्यापक व दलित रंगभूमीच्या चळवळीतले कार्यकर्ते. तेही त्याच वर्षी गेले. एका वर्षात नागसेनवनाची दोन जिवंत दप्तरे मिटली.

नामांतराच्या काळात ही शाळा भिंतींच्या बाहेर आली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांतून दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, तेही नामविस्ताराच्या रूपाने. या सोळा वर्षांत गाणे आणि पथनाट्य ही चळवळीची हत्यारे झाली. सभेला परवानगी नसली तरी चौकात डफ वाजू शकत होता. प्रकाश त्रिभुवन यांचे 'थांबा, रामराज्य येतंय!' आणि प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका या अस्वस्थतेच्या वातावरणातल्या कृती. दोन पात्रे, नेपथ्य जवळजवळ नाही. अशी एकांकिका कोणत्याही गावच्या शाळेत, विहाराच्या ओट्यावर बसवता येते. साधने नसलेल्यांची रंगभूमी अशीच असावी लागते.

नांदेडला प्राध्यापक असलेल्या दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा' या नाटकाचा नायक सतीश गोडघाटे हाही प्राध्यापकच आहे. एका बाजूला बाबासाहेबांच्या काळातले काका, दुसऱ्या बाजूला आक्रमक तरुण अर्जुन, आणि मध्ये हा शिकलेला, विचार करणारा, पण कृतीपाशी थबकणारा शिक्षक. चळवळीने शिक्षक घडवला. त्या शिक्षकाने पुढे काय केले, असा प्रश्न एका शिक्षकानेच रंगमंचावरून विचारला. मिलिंदाचा प्रश्न आता नागसेनाकडेच वळला, असे म्हणता येईल.

तो प्रश्न आजही आपल्यासमोर आहे. विद्यापीठांतून नाट्यशास्त्राचे विभाग आहेत, पदव्या आहेत, स्पर्धा आहेत. आपली मुले त्यांत शिकतात, याचा आनंदच आहे. पण पदवी घेतलेला किती वेळा आपल्या वस्तीत परततो? जयंतीच्या मिरवणुकीत भाड्याच्या ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहतात आणि वामनदादांचे पद तालासुरात शिकवणारा माणूस शेजारच्याच गल्लीत बेकार बसलेला असतो. कला पुन्हा वाट्याला येऊ लागली आहे, यावेळी बाजाराकडून. ती शिकण्याची जागा मात्र आक्रसते आहे.

म्हणून दोन कामे तातडीची आहेत. पहिले इतिहासाचे. 'युगयात्रे'त ज्यांनी भूमिका केल्या, जलशांत ज्यांनी झील धरली, नामांतराच्या काळात ज्यांनी चौकाचौकांत पथनाट्ये बसवली, त्यांची नावे, संहिता, छायाचित्रे, तालमीच्या आठवणी गोळा केल्या पाहिजेत. 'तृतीय रत्न' सव्वाशे वर्षे पडून राहिले, तेव्हा दोष कमिटीचा होता. आज काही हरवले तर तो दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. दुसरे काम कार्यकर्त्यांचे आणि शिक्षकांचे. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना डफ, गाणे, वाचन, नाटक शिकवण्यासाठी राखून ठेवता येईल. त्यासाठी अनुदान लागत नाही. शिकलेला एक माणूस लागतो, आणि त्याने मुलाला आधी विचारावे लागते : तुला काय शिकायचे आहे? आपल्या आज्यापणज्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.