बेसी स्मिथचा शोक

मोटार अपघातात जबर जखमी झालेल्या ब्लूज गायिका बेसी स्मिथचे २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीतील क्लार्क्सडेल येथे निधन झाले. फिलाडेल्फियात तिच्या अंत्यदर्शनाला सुमारे १०,००० लोक लोटले, असे सांगतात. हा शोक मुख्यतः कृष्णवर्णीय श्रमिकांचा होता. १९२३ पासून पदरमोड करून तिच्या ध्वनिमुद्रिका घेणाऱ्यांचा. लिखित इतिहासात मात्र निराळीच कहाणी शिरली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेतले नाही, ही ऐकीव वार्ता जॉन हॅमंड यांनी 'डाउन बीट' मासिकात छापली. पुढे एडवर्ड अल्बी यांनी तीवर नाटक रचले. १९७२ च्या चरित्रात ख्रिस अल्बर्टसन यांनी ती खोडून काढली. बेसीला थेट कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेले होते. (वर्णभेद इतका मुरलेला की नकाराची वेळच येऊ नये!) दंतकथा टिकली, कारण ती कुणालाच अशक्य वाटली नाही. चाहत्यांच्या त्या गर्दीची नोंद मात्र दोन ओळींत आटोपते. बेसीच्या कबरीवर तर ३३ वर्षे शिळाही नव्हती. १९७० मध्ये ती बसवली गेली. खर्च दोघींनी उचलला : गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि लहानपणी बेसीकडे घरकाम केलेल्या जुआनिता ग्रीन.